मेलेल्या पक्ष्यांचा जमाखर्च

वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याहून मुंबईकडे निघालेल्या रेल्वेगाडीला खाऱ्या वाऱ्याची झुळूक लागेपर्यंत सुमारे ५८० किलोमीटरचे अंतर काटावे लागते. अमरावतीकरांना तर त्याहूनही अधिक. कापूस, तूर, सोयाबीन, सरकी आणि डाळ यांच्या उलाढालीत गुंतलेल्या इथल्या व्यापारी घरांत समुद्राची आठवण होते ती मे महिन्याच्या अखेरीस, मोसमी वारे केरळच्या किनाऱ्याला लागल्याची बातमी आली म्हणजे. त्या एका बातमीवर पेरणी ठरते, पेरणीवर उधारी आणि उधारीवर दिवाळीची वसुली. समुद्र दूर असला तरी त्याचे खाते प्रत्येक पेढीवर पिढ्यान् पिढ्या चालू आहे. त्या खात्याचा उतारा मात्र सहसा कोणी मागत नाही.

असा उतारा नियमाने मागणारी माणसे जगात आहेत. त्यांच्यात शिक्षक आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत, गृहिणी आणि विद्यार्थी आहेत. ती महिन्यातून एकदा समुद्रकिनाऱ्याचा ठरलेला पट्टा पायी चालतात आणि लाटांनी वाळूवर आणून टाकलेले मेलेले पक्षी मोजतात. प्रथमदर्शनी हा उद्योग विचित्र, किंबहुना अशुभ वाटण्याचा संभव आहे. जीवदयेचे संस्कार असलेल्या घरात पक्षी म्हटला की आठवतो तो पाण्याचा कुंडा, मूठभर दाणे आणि जखमी पारव्याच्या पंखाला लावलेले औषध. दिल्लीच्या चांदणी चौकात लाल मंदिराच्या आवारात चालणारे पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय हा या संस्काराचा गौरवाचा दाखला आहे. पण जो पक्षी मरून गेला, ज्याच्यासाठी करण्यासारखे काही उरलेच नाही, त्याच्याजवळ वाकून त्याची चोच मोजायची ती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याला इतरांपेक्षा लवकर पटेल असे आहे, कारण ते मुळात हिशेबाचे उत्तर आहे.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्राध्यापक ज्युलिया पॅरिश यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस अशी एक योजना उभी केली. तिचे संक्षिप्त नाव ‘कोस्ट’. उत्तर कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर शेकडो स्वयंसेवक तिच्यासाठी चालतात. पक्षिशास्त्राचे पूर्वज्ञान त्यांच्याकडून अपेक्षित नसते. अपेक्षित असते ते नेमाने जाणे आणि दिसेल तेवढेच लिहिणे. मेलेला पक्षी सापडला की आधी त्याच्या पायाची ठेवण पाहायची, मग चोचीची, पंखाची आणि पायाच्या हाडाची लांबी मोजायची, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे आणि शेवटी त्याला रंगीत पट्टी बांधून तिथेच सोडायचे. पट्टी एवढ्याचसाठी की पुढच्या महिन्यात तोच पक्षी पुन्हा दिसला तर त्याची दुबार नोंद होऊ नये. एकच हुंडी दोनदा जमा धरू नये म्हणून मुनीम तिच्यावर खूण करतो, त्यातलाच हा प्रकार.

या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम शून्याचा आहे. पूर्ण पट्टा चालूनही एकही पक्षी सापडला नाही, तर तारीख, ठिकाण आणि शून्य एवढी ओळ लिहावीच लागते. ‘आज काही नव्हते, म्हणून लिहिले नाही’ ही सबब चालत नाही. ज्या दिवशी विक्री झाली नाही त्या दिवसाचे पानही रोकडकीर्दीत असावे लागते, नाहीतर दुकान बंद होते की गिऱ्हाईक आले नाही हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला परिव्ययलेखनात स्वाभाविक घट आणि असाधारण घट हा भेद शिकवतात. अकोल्यातील डाळ मिलच्या मालकाला तो पुस्तकाविना ठाऊक असतो. शंभर पोती तूर भरडली की चुनी-भुसा किती निघेल आणि ओल उडून किती घट येईल, याचा त्याला अंदाज असतो. घट त्या मर्यादेत असली तर तो निश्चिंत राहतो. तीच एकाएकी दुप्पट झाली तर चाळण फाटली की वजनकाटा बिघडला की माल कुठे फुटला, याचा शोध त्याच दिवशी सुरू होतो. मात्र ज्याने स्वाभाविक घट कधी लिहूनच ठेवली नाही, त्याला असाधारण घट ओळखता येत नाही. समुद्रावर पक्षी दररोज मरतात. म्हातारपणाने, वादळाने, पहिल्याच वर्षी उपाशी राहून. तो जन्ममरणाचा नित्य व्यवहार आहे. किती मरणे नित्याची आणि किती अनित्याची, हे कळण्यासाठी वर्षानुवर्षांच्या शांत, कंटाळवाण्या नोंदी लागतात.

त्या नोंदींचे मोल २०१५-१६ साली दिसले. कॉमन मर नावाचा, बदकाएवढा काळा-पांढरा समुद्रपक्षी कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागू लागला. वर्षभरात सुमारे ६२,००० मेलेले किंवा मरणासन्न पक्षी मोजले गेले. समुद्रात मेलेल्यांपैकी थोडेच किनाऱ्यापर्यंत येतात. तो हिशेब धरून एकूण मृत्यू पाच लाख ते बारा लाखांच्या दरम्यान असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मांडला. पुढे पक्ष्यांच्या वसाहतींची मोजणी करून २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आकडा आणखी वाढला: एकट्या अलास्कातील सुमारे ४० लाख मर, म्हणजे तिथली निम्मी संख्या नाहीशी झाल्याचे दिसून आले. बहुतेक पक्षी हाडे वर आलेले, उपाशी होते. ईशान्य प्रशांत महासागराचे पाणी २०१४ ते २०१६ या काळात नेहमीपेक्षा बरेच तापले होते. या पक्ष्याला दररोज स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे अन्न लागते, तीन-चार दिवसांचा उपासही त्याला झेपत नाही. पाणी तापले, लहान मासळीची संख्या आणि कस दोन्ही घटले, आणि त्या साखळीची अखेरची कडी वाळूवर येऊन पडली. पाण्याखाली काय घडले ते कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. किनाऱ्यावरच्या नोंदवह्यांनी ते दाखवून दिले.

हाच पक्षी युरोपात गिलेमॉट या नावाने ओळखला जातो आणि तिथे त्याने दुसऱ्या एका खात्याची तपासणी केली. १९६७ साली ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर फुटले आणि हजारो पक्षी तेलात माखून मेले. त्या सुमारास ब्रिटनमध्ये किनाऱ्यावरच्या मोजणीला नियमित रूप येऊ लागले. न्यूझीलंडमध्ये पक्षिप्रेमींची अशी गस्त १९५१ पासूनच चालू होती. उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी ‘सापडलेल्या गिलेमॉटपैकी तेल लागलेले किती’ हे प्रमाण समुद्रातील तेलप्रदूषणाचे माप म्हणून स्वीकारले. जहाजांनी टाक्या धुऊन तेल चोरून समुद्रात सोडले तरी त्याची पावती पक्ष्याच्या पिसांवर उमटते. पुढील दशकांत कायदे कडक होत गेले तसे हे प्रमाण उतरत गेले. मोजणी केवळ दुःख नोंदवत नाही, सुधारणाही नोंदवते, हे यातून ध्यानात येते.

नेदरलँड्सच्या यान फान फ्रानेकर यांचे काम व्यापारी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. फुल्मार हा पक्षी आपले सारे अन्न खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावरून उचलतो. स्वयंसेवकांनी किनाऱ्यावरून गोळा केलेल्या मेलेल्या फुल्मारांची पोटे फान फ्रानेकर यांनी १९८० च्या दशकापासून तपासली. उत्तर समुद्रातील दहापैकी नऊहून अधिक पक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक निघाले. ०.१ ग्रॅमपेक्षा अधिक प्लास्टिक असलेले फुल्मार शंभरात दहाहून जास्त नसावेत, असे उद्दिष्ट त्या भागातील देशांनी ठरवले. अजून ते हाती आलेले नाही. पण या तपासणीत एक आशादायक ओळही आहे. पोटातील प्लास्टिकमध्ये दोन प्रकार वेगळे मोजले जात: वापरून फेकलेल्या वस्तूंचे तुकडे आणि कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरला जाणारा गोल दाणा. प्लास्टिकच्या व्यापारात ज्याला नुसते ‘दाणा’ म्हणतात तोच हा. १९८० च्या दशकानंतर पक्ष्यांच्या पोटातील या दाण्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. दाणा हा पैसे देऊन घेतलेला माल. त्याची सांडणूक म्हणजे नुकसानच. वाहतुकीत आणि गोदामात सांडणूक कमी झाली त्याचे प्रतिबिंब पक्ष्याच्या पोटात पडले, असा याचा अर्थ लावला जातो. व्यापाऱ्याच्या गोदामातील शिस्तीचे प्रमाणपत्र शेकडो कोस दूरच्या पक्ष्याने द्यावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

भारताच्या किनाऱ्याला हा दाणा अपरिचित राहिलेला नाही. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळाले, तेव्हा त्यातून सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. मे २०२५ मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज केरळच्या किनाऱ्यापुढे बुडाले आणि पुढच्या काही दिवसांत तिरुवनंतपुरमच्या परिसरातील वाळू पांढऱ्या दाण्यांनी भरली. स्वयंसेवकांनी तो चाळणीने वेचला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मेलेल्या आणि थकलेल्या समुद्रपक्ष्यांचा हंगाम पावसाळ्यात, चातुर्मासाच्या दिवसांत असतो. एरवी जे पक्षी अंडी घालण्यापुरतेच जमिनीवर येतात आणि बाकीचे आयुष्य खुल्या समुद्रात काढतात, ते नैर्ऋत्य वाऱ्याच्या माऱ्याने मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. पांढरेशुभ्र अंग आणि काळा चेहरा असलेला मास्क्ड बूबी, लांब दुभंगलेल्या शेपटीचा फ्रिगेट, काळ्या पाठीचे सुरय, धूसर रंगाचे शिअरवॉटर असे पाहुणे जवळजवळ दर पावसाळ्यात कुठे ना कुठे सापडतात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघते. अशा वाट चुकलेल्या पक्ष्यांची टिपणे त्यात पिढ्यान् पिढ्या छापली गेली. मुंबई-ठाण्यातील प्राणिमित्र असे पक्षी उचलून उपचार करतात. मात्र या नोंदी बहुतांशी प्रसंगाने होतात. पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला आणि त्याने कळवले तर नोंद, एरवी नाही. रोकडकीर्दीऐवजी खिशातील चिठ्ठ्या असाव्यात, तसे काहीसे हे स्वरूप आहे.

एकाच किनाऱ्यावर रोज चालण्याची परंपरा मराठी मुलुखात नाही असे मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, २००२ सालापासून सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. गावातली माणसे हंगामभर पहाटे किनाऱ्यावरून फिरतात, मादीच्या पावलांचा माग काढतात, घरटे कोणत्या तारखेला मिळाले, अंडी किती, पिल्ले किती निघाली, हे सारे लिहून ठेवतात. वेळास हे पेशवाईचे कारभारी नाना फडणवीस यांचे मूळ गाव. ज्यांच्या आडनावातच दप्तर सांभाळण्याचे काम आहे त्यांच्या गावाने कासवांचे दप्तर सांभाळावे, हा योग सुखद आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. इथल्या माणसाचा या साऱ्याशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट नदीची आहे.

अकोल्याच्या मध्यातून मोर्णा वाहते. ती पुढे पूर्णेला मिळते. अमरावतीकडील पेढीही पूर्णेलाच मिळते. पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीत विलीन होते आणि तापी सुरतेखाली अरबी समुद्राला भेटते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरची वर्धा मात्र दुसरी दिशा धरते. तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. म्हणजे समुद्र नसलेल्या या एका जिल्ह्याचा निचरा दोन समुद्रांत होतो. वाटेत तापीवर हतनूर आणि उकाई ही धरणे आहेत. पुष्कळसा कचरा तिथे अडतो, गाळात रुततो, हे खरे. पण पावसाळ्यात दरवाजे उघडले की तरंगणारे सारे पुढे निघते. बाजारात दिलेली पन्नी एखाद्या नाल्यात पडली तर तिची वाट उतरणीची आहे, आणि त्या उतरणीच्या टोकाला एखादा सुरय किंवा शिअरवॉटर आहे. पाण्यात काही काळ राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढते आणि त्याला समुद्री खाद्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून वासावर अन्न शोधणारे पक्षी ते गिळतात, असे अभ्यासात आढळले आहे.

वऱ्हाडाने हे ओळखलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १३ जानेवारी २०१८ रोजी जलपर्णीने आणि कचऱ्याने भरलेल्या मोर्णेच्या काठावर सहा हजारांहून अधिक अकोलेकर सकाळीच गोळा झाले होते. शंभरांहून अधिक संस्था, महाविद्यालये, वृद्ध आणि मुले त्यात होती. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही भाजीबाजारात पन्नी अजून हाताला लागते, याचा अनुभव प्रत्येक वाचकाला असेल. मोहीम म्हणजे वर्षातून एकदा केलेली साफसफाई. तिच्यानंतर काय उरले, काय परत आले, हे दर महिन्याला पाहून लिहिणे हा वेगळा नेम आहे, आणि तो फार थोड्यांना जमतो.

दुसरी वाट अधिक अवघड आहे, कारण ती दयेच्याच अंगणातून जाते.

वऱ्हाडातील गावांच्या शिवारातही एके काळी गिधाडे होती. गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर ती काही तासांत स्वच्छ करीत. १९९० च्या दशकात ती देशभर दिसेनाशी होऊ लागली. भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांच्याजवळ पूर्वीच्या मोजणीचे आकडे होते, म्हणूनच घट त्यांच्या लक्षात आली. झाडाखाली मान टाकून मेलेली गिधाडे सापडत. त्यांच्या शरीरात आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे. मूत्रपिंडे निकामी झालेली असत. आधी संशय साथीच्या रोगाचा होता. अखेर लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांची तपासणी करून खरे कारण शोधले आणि ते २००४ साली प्रसिद्ध झाले. कारण होते डायक्लोफिनॅक, म्हणजे गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिले जाणारे स्वस्त इंजेक्शन.

जनावराला मरणापूर्वी ते औषध दिलेले असेल आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, तर ती मरत. एका हिशेबाप्रमाणे शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरात ते औषध असले, तरी एवढा संहार घडायला पुरेसे होते. २००७ पर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एकच उरले. हे इंजेक्शन देणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात क्रौर्य नव्हते. लंगड्या बैलाचे, म्हाताऱ्या गायीचे दुःख कमी व्हावे एवढीच इच्छा होती. गोशाळा आणि पांजरपोळ जिथे अशा जनावरांची अखेरपर्यंत सेवा करतात, तिथे या औषधाची गरज इतरांपेक्षा अधिक वाटणेही साहजिक होते. एका जिवावर केलेली दया दुसऱ्या जिवाच्या खात्यात हत्या म्हणून नावे पडत होती, आणि दोन्ही खाती एकत्र मांडून पाहणारा कोणी नसल्यामुळे ते दहा-पंधरा वर्षे कळले नाही.

या तुटीची वसुली अखेर माणसाकडूनही झाली. मेलेली जनावरे कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त माणसे मेली, असा अंदाज काढला आहे. ज्या पक्ष्याला कोणी कधी दाणा टाकला नाही, तो गावाची एवढी मोठी सेवा विनामूल्य करीत होता.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध उपलब्ध झाले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. औषधांच्या घाऊक व्यापारात असलेल्या कुटुंबांना ही नावे परकी नाहीत. बंदी कागदावर येते; ती दुकानाच्या फळीवर उतरते की नाही, हे दुकानदाराच्या सचोटीवर ठरते.

समुद्रपक्षी आणि गिधाड यांची गोष्ट अशा रीतीने एकच होते. दोन्हीकडे दोष नजरेआड घडतो, एकीकडे पाण्याखाली आणि दुसरीकडे औषधाच्या बाटलीत. दोन्हीकडे पहिली साक्ष मेलेला पक्षी देतो. आणि ती साक्ष उपयोगी पडते ती तारीख, ठिकाण आणि संख्या लिहिणाऱ्यामुळे. जैन परंपरेत चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना पाळायच्या सावधगिरीला जयणा म्हणतात. पायाखालची मुंगी दिसते म्हणून ती वाचवता येते. जो जीव पाचशे किलोमीटर दूर आहे, त्याच्या बाबतीत पाहण्याचे काम नोंदवहीलाच करावे लागते.

असे काम वऱ्हाडात राहूनही करता येण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवराच्या काठी अठरा हजारांहून अधिक पक्षी मेलेले आढळले; ते बोट्युलिझम या विषबाधेमुळे मेले होते. म्हणजे किनारा समुद्राचाच असावा लागतो असे नाही. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव, मोर्शीजवळचे अप्पर वर्धा धरण, अकोल्याजवळचा कापशी तलाव, काटेपूर्णेचे जलाशय या ठिकाणी हिवाळ्यात दूरदूरचे पाणपक्षी येतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि वऱ्हाडातील पक्षिमित्रही या दिवसांत तलावांवर दुर्बीण घेऊन उभे असतात. जिवंत पक्ष्यांच्या या वार्षिक गणनेला मेलेल्यांच्या मासिक नोंदीची जोड देणे कठीण नाही. एक ठरलेला काठ, महिन्याची एक ठरलेली सकाळ, दोन-तीन माणसे आणि एक वही एवढे पुरे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लूने महाराष्ट्रात कोंबड्यांबरोबर कावळेही मेले होते, हे विसरू नये. वन्य पक्ष्याचे कलेवर वा पीस घरी आणणे कायद्यालाही मान्य नाही. दुरून मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, संख्या लिहावी, आणि एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन आणि वन विभागाला त्याच दिवशी कळवावे. काहीच सापडले नाही तर शून्य लिहावे. निवृत्तीनंतर सकाळच्या फिरण्याला हेतू शोधणाऱ्यांना आणि सुट्टीत मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्या नातवंडांना एकत्र नेता येईल असे हे काम आहे.

व्यापाऱ्याच्या पेढीवर त्याची दुसरी बाजू आहे. महिन्याला किती पन्नी आणि किती प्लास्टिकचा बारदाना बाहेर गेला, त्यातला किती परत आला, हा आकडा खरेदीच्या बिलांवरून तासाभरात निघतो. तो एकदा कागदावर उतरला की कमी कसा करायचा हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आणि गोशाळांचे विश्वस्त आणखी एक गोष्ट करू शकतात. प्रत्येक गोशाळेत जनावरांची नोंदवही असते. तीत जनावर कधी आले, कोणी दिले, कधी वारले, हे रकाने असतात. त्यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा: शेवटच्या पंधरा दिवसांत कोणते औषध दिले. मेलॉक्सिकॅम लिहिलेले असेल तर पुढे जावे. दुसरे वेदनाशामक असेल तर ते जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे आणि पशुवैद्यकांशी बोलून औषध बदलावे. हा रकाना भरायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो पुढच्या महिन्यापासूनही सुरू करता येतो.